गुणांची बेरीज

मराठी भाषेने 'गुण' या एकाच शब्दात दोन अर्थ सामावून घेतले आहेत. शाळेच्या प्रगतिपुस्तकात येतात तेही गुण आणि माणसाच्या अंगी असावेत असे आपण म्हणतो तेही गुण. पहिल्यांची बेरीज होते, टक्केवारी काढता येते. दुसऱ्यांची बेरीज कोणी मांडून पाहिलेली नाही, आणि मांडणारा भेटलाच तर आपण त्याच्याकडे थोड्या संशयानेच पाहू. तरीही गेल्या अर्धशतकात एक असा खेळ जगभर रुजला आहे, की ज्यात या दोन अर्थांमधली भिंत पाडून टाकण्यात आली आहे. संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या, अद्भुतरम्य जगातल्या भूमिका-खेळांविषयी आम्ही बोलत आहोत. आपल्या घरातील किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी रात्री दार लोटून ज्या खेळात बुडालेली असते, तो बहुधा याच कुळातला असतो.

या खेळाचे स्वरूप ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळाडूने प्रथम आपला नायक घडवायचा. त्याचा चेहरा, वर्ण, वंश, व्यवसाय हे सारे ठरवायचे. त्याला किती शक्ती, किती चपळाई, किती बुद्धी हे आकड्यांत द्यायचे. मग त्याला घेऊन एका कल्पित जगात प्रवेश करायचा आणि वाटेत येणाऱ्या राक्षसांशी, दरोडेखोरांशी, पशूंशी लढायचे. लढाई जिंकली की अनुभवाचे गुण मिळतात, त्या गुणांतून नायक अधिक बलवान होतो, आणि अधिक बलवान झाला की अधिक मोठ्या शत्रूशी लढतो. असे हे चक्र आहे. यात चूक काय, असे कोणी विचारील. आम्हीही प्रथम तेच विचारतो. कारण खेळ हा खेळ असतो, आणि बुद्धिबळात प्यादे मारणाऱ्याला कोणी कबुलीघराकडे पाठवीत नाही.

बुद्धिबळाचे नाव सहज आलेले नाही. या खेळांची वंशावळ शोधत गेले तर ती आपल्याच चतुरंगापाशी येऊन पोचते. चतुरंगातून बुद्धिबळ झाले. १७८० साली जर्मनीतील ब्रुन्सविक येथे हेल्विग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळ वाढवून त्यात तोफा, घोडदळ आणि भूप्रदेश आणले. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने त्याला फाशांची जोड देऊन सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणाचे साधन केले. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी शिशाच्या सैनिकांनी खेळायच्या युद्धखेळाचे एक पुस्तक लिहिले. दिवाणखान्यातले युद्ध हे खऱ्या युद्धापेक्षा किती बरे, असा त्यांचा त्यामागे रोख होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. या परंपरेतूनच १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. कागद, पेन्सिल, फासे आणि मित्रांची कल्पनाशक्ती एवढेच त्याचे साहित्य होते. सैन्याच्या जागी एक एकटा माणूस आला, आणि त्या माणसाला नाव मिळाले.

नाव मिळाल्यावर काय घडले ते पाहण्यासारखे आहे. जुन्या युद्धखेळांत एक घाव बसला की सैनिक पटावरून उचलला जाई. परंतु आपण ज्याला नाव दिले, ज्याच्याबरोबर चार संध्याकाळी घालवल्या, तो एका फाशासरशी मरावा हे अर्नेसन यांच्या सवंगड्यांना सहन होईना. तेव्हा त्यांनी अमेरिकन यादवी युद्धातील लोखंडी जहाजांच्या आपल्या एका खेळातून एक युक्ती उचलली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. जहाज एका गोळ्याने बुडत नाही. ते किती गोळे सोसू शकते त्याचा आकडा असतो. तोच आकडा माणसाला लावण्यात आला. आज जगातील जवळजवळ प्रत्येक लढाईच्या खेळात नायकाच्या डोक्यावर जी जीवनरेषा दिसते, तिचे मूळ हे असे ममतेत आहे. मात्र ही ममता केवळ आपल्या माणसापुरती होती. शत्रूलाही तोच आकडा मिळाला, पण त्याच्यासाठी कोणी हळहळले नाही. त्याच्या बाबतीत त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की आणखी किती घाव घालायचे आहेत.

आता गुणांकडे वळू. १९७४ च्या नियमांप्रमाणे नायकाचे सहा गुण होते: शक्ती, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि व्यक्तिमत्त्वाची छाप. बुद्धी आणि शहाणपण हे वेगळे मोजले जात, ही गोष्ट आम्हाला फार आवडते; आपल्या विद्यापीठांनाही हा भेद पचनी पडावा. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि जे दान पडेल ते मुकाट्याने घ्यायचे. सर्वोच्च अठरा हा आकडा २१६ वेळांत सरासरी एकदाच पडतो. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला मध्यम प्रतीचा, कुठे लंगडा, कुठे बावळट असा नायक यावयाचा आणि त्याला घेऊनच वाट चालायची. दान पडणे हा शब्दप्रयोग किती सार्थ आहे पाहा! शुभवर्तमानातील तालंतांच्या दाखल्यातही कोणाला पाच, कोणाला दोन, कोणाला एक. मागून घेतलेले कोणाचेच नव्हते.

परंतु खेळाडूंना हे रुचले नाही, आणि ते स्वाभाविकच होते. हळूहळू नियम सैल होत गेले. चार फासे टाका, सर्वांत लहान सोडून द्या. पडलेले आकडे हव्या त्या गुणाला लावा. आणि अखेरीस फासेच नकोत, खर्चाला ठरावीक रक्कम घ्या आणि गुण विकत घ्या. २०१४ च्या आवृत्तीत ही रक्कम सत्तावीस आहे. प्रत्येक गुण आठापासून सुरू होतो, आणि तो पंधरापर्यंत न्यायचा तर त्यापैकी नऊ खर्ची पडतात. संगणकावरील खेळांनी ही पद्धत उचलली आणि तिला चेहऱ्याची जोड दिली. नाकाची लांबी, हनुवटीची रुंदी, डोळ्यांचा रंग, जखमेचा व्रण, सारे सरकत्या खुणांनी ठरवता येते.

आमचा एक भाचा अशा एका खेळाचा नायक तयार करीत असताना आम्ही शेजारी बसलो होतो. चेहऱ्यावर त्याने पाऊण तास घालवला. गुणांचे काम मात्र पाच मिनिटांत उरकले: शक्ती भरपूर, काटकपणा भरपूर, बुद्धी आठ. आम्ही विचारले, "अरे, हा एवढा ठोंब्या का केलास?" तो म्हणाला, "मामा, हा तलवारवाला आहे. त्याला बुद्धी काय करायचीय? ते पॉइंट फुकट जातात." ज्या गुणाचा आपल्या कामी उपयोग नाही, त्यात मुद्दाम कमीत कमी ठेवून बाकीचे दुसरीकडे वळवायचे, यासाठी खेळाडूंच्या बोलीत रूढ शब्दही आहे. शब्दशः त्याचा अर्थ कचरा टाकण्याची जागा असा होतो.

भाच्याचे गणित बिनचूक होते. लढाई ही ज्या जगातील एकमेव परीक्षा, तिथे दयाळूपणा, विनोदबुद्धी, ऐकून घेण्याची क्षमता यांवर कोणी खर्च का करावा? आणि इथे आमच्या मते खऱ्या प्रश्नाला हात लागतो. नायक घडवण्याचे स्वातंत्र्य कितीही विपुल असो, तो काय होऊ शकतो हे शेवटी लढाईची रचना ठरवते. हजार चेहरे निवडता येतात. पण त्या हजारांनाही करायचे एकच काम असेल तर ही निवड वेषभूषेपुरतीच उरते. (दहावीनंतर मुलांना 'हवी ती शाखा घे' असे सांगून एकाच प्रवेशपरीक्षेकडे ढकलणाऱ्या आम्हा पालकांना हे नवे वाटण्याचे कारण नाही.) पुण्याच्या नॉडिंग हेड्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' नावाचा एक लढाईचा खेळ आणला. त्यात सर्कशीत वाढलेली मुलगी दानवांनी पळवलेल्या आपल्या भावाला शोधत जाते. तिथे नायिका घडवण्याची मुभाच नाही; राजी ही राजीच. पण ती का लढते हे प्रत्येक पावलाला ठाऊक असते. निवड कमी असूनही व्यक्ती अधिक, असे घडू शकते.

जे गुण विकत घ्यायचे नसतात, जन्मानेच मिळतात, त्यांचीही एक कथा आहे आणि ती आपल्या फार जवळची आहे. नायकाचा वंश निवडायचा असतो: मानव, एल्फ, बुटका खाणकामगार, अर्ध-ऑर्क. २००० सालच्या नियमपुस्तकात अर्ध-ऑर्काला शक्तीत दोन अधिक, बुद्धीत दोन उणे आणि व्यक्तिमत्त्वाच्या छापेत दोन उणे असे जन्मतःच लावलेले होते. त्याने काही करण्यापूर्वी, कोणाला भेटण्यापूर्वी, उणे दोन. ऑर्क ही जात मुळात जे. आर. आर. टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतून आली. टोल्किन हे श्रद्धावान कॅथलिक होते आणि दुष्टाला स्वतः काही निर्माण करता येत नाही, तो केवळ बिघडवू शकतो, अशी त्यांची धारणा होती. मग ऑर्कांना आत्मा आहे की नाही, त्यांचा उद्धार संभवतो की नाही, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर सतावीत राहिला. त्याचे समाधानकारक उत्तर त्यांनी मांडलेले नाही. खेळ रचणाऱ्यांनी टोल्किनकडून ऑर्क घेतला, तो प्रश्न घेतला नाही. तसेच, ज्या कथेतून त्यांनी तलवारी आणि कुऱ्हाडी उचलल्या, त्या कथेत अखेरचा विजय तलवारीने होतच नाही. एका तिरस्करणीय जीवावर दोघा दुबळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी दाखवलेली कणव ऐनवेळी कामी येते. कणव आकड्यात बसवणे कठीण. म्हणून ती मागे राहिली.

जन्माने गुण ठरतात या कल्पनेविरुद्ध पुढे खेळाडूंतूनच आवाज उठला. २०२० मध्ये प्रकाशकांनी सारा वंशच दुष्ट असे चित्रण बदलण्याचे जाहीर केले, आणि त्याच वर्षीच्या एका पुरवणीत वंशाचे अधिक गुण हव्या त्या ठिकाणी लावण्याची मुभा दिली. २०२४ च्या नियमपुस्तकात तर वंश हा शब्दच गेला, त्याजागी प्रजाती आली, आणि हे अधिक गुण नायकाच्या पूर्वायुष्याशी, म्हणजे त्याने काय काम केले, तो कुठे वाढला याच्याशी जोडले गेले. काही जुन्या खेळाडूंना हा निव्वळ सोवळेपणा वाटला. काल्पनिक ऑर्काचा अपमान होतो का, असे ते विचारतात. प्रश्न हास्यास्पद नाही. पण त्याचे उत्तर ऑर्काकडे नसून खेळणाऱ्याकडे आहे. अमुक कुळात जन्मला म्हणजे डोक्याने मंद असणारच, हे गणित ज्याने शेकडो वेळा विनातक्रार मांडले, त्याच्या हाताला एक वळण लागते. आपल्या देशात हे गणित फाशांशिवाय, कागदाशिवाय कित्येक शतके मांडले गेले आहे. एकाच वेदीपाशी गुडघे टेकणारी आपली कुटुंबेही सोयरीक जुळवताना हळूच कोणती चौकशी करतात, हे धर्मग्रामातल्या कोणाला सांगावयास नको.

आता लढाईविषयी. पुष्कळांना असे वाटते की या खेळांचा पाया प्रथमपासून हत्येवर उभा आहे. वस्तुस्थिती तशी नाही. आरंभीच्या नियमांत अनुभवाचे गुण मुख्यतः खजिन्यासाठी मिळत. गुहेतून बाहेर आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेला एक गुण. १९७५ च्या पुरवणीने राक्षस मारण्याचे गुण फार कमी केले. परिणामी शहाणा खेळाडू लढाई टाळी. राक्षसाला चकवी, लाच देई, प्रसंगी पळ काढी. लोभ हा काही सद्गुण नव्हे, हे खरे. पण त्या लोभाने पुष्कळांचे प्राण वाचवले! पुढे खेळ संगणकावर आला तेव्हा अडचण झाली. टेबलापाशी बसलेला मनुष्य-पंच म्हणू शकत असे, 'तू राक्षसाशी चांगले बोललास, तो वाट सोडतो.' यंत्राला चांगले बोलणे म्हणजे काय ते कळेना. घाव मात्र कळतो: बसला की नाही, किती आकडा उणा झाला. १९८१ च्या 'विझर्ड्री'पासून १९८६ च्या जपानी 'ड्रॅगन क्वेस्ट'पर्यंत आणि तिथून पुढे जे मोजणे सोपे तेच खेळाचा कणा होऊन बसले. हा कोणाचा दुष्टावा नव्हता. सोय होती. मनुष्यजातीने आपले पुष्कळसे नैतिक प्रश्न अशाच सोयीने निर्माण केले आहेत.

याच काळात अमेरिकेत या खेळांविरुद्ध मोठे काहूर उठले. त्यांत सैतानपूजा आहे, मुले बहकतील, अशी भीती अनेक धार्मिक घरांत पसरली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशकांनी सैतान आणि भुते यांची नावे गाळून टाकली. नंतर तीच मंडळी परकी वाटतील अशा नव्या नावांनी परत आली. हत्या होती तशीच राहिली, त्यांचे गुणही तसेच राहिले. चित्रातल्या शिंगांना घाबरणाऱ्यांनी वहीतल्या बेरजेकडे पाहिलेच नाही, याचे आम्हाला आजही नवल वाटते.

त्या बेरजेकडे पाहिले ते एका खेळ रचणाऱ्यानेच. रिचर्ड गॅरियट यांचे 'अल्टिमा' मालिकेतील पहिले तीन खेळ इतरांसारखेच होते. परंतु लोक चोरी करून, निरपराध गावकऱ्यांना मारून आपला खेळ जिंकतात हे त्यांना आलेल्या पत्रांवरून कळले, असे त्यांनी सांगितले आहे. १९८५ मध्ये त्यांनी चौथा भाग आणला. त्यात मारावयाचा कोणी महादुष्ट नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, स्वार्थत्याग, प्रतिष्ठा, आध्यात्मिकता आणि नम्रता या आठ सद्गुणांत पूर्णत्व मिळवणे, हेच खेळाचे उद्दिष्ट. पूर्णत्वाला पोचलेल्यास जी पदवी मिळते ती आपल्या भाषेतून गेलेली आहे: अवतार. आज संगणकावरील कोणाच्याही चित्ररूपाला जो अवतार म्हणतात, त्या वापराच्या आरंभीच्या पाऊलखुणांत या खेळाचीही गणना होते. आपल्या ख्रिस्ती मराठीने देहधारणा हा वेगळा शब्द का जपला, याचा विचार इथे सहज मनात येतो. पण तो विषय मोठा आहे.

या खेळात नायक घडवताना फासे नाहीत, सत्तावीस गुणांची रक्कमही नाही. एक भविष्य सांगणारी स्त्री सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण एकमेकांसमोर उभे केलेले असतात. खरे बोलून कोणाला दुखवायचे की करुणेपोटी गप्प राहायचे, अशा धर्तीचे हे प्रश्न. आठांतून चार, चारांतून दोन, दोहोंतून एक असा जो सद्गुण टिकतो, त्यावरून व्यवसाय ठरतो. शौर्य टिकले तर योद्धा, प्रामाणिकपणा टिकला तर जादूगार. आणि ज्याने प्रत्येक वेळी नम्रता निवडली त्याला मेंढपाळ व्हावे लागते. मेंढपाळाला जादू येत नाही, धड शस्त्र चालवता येत नाही. लढाईच्या दृष्टीने तो सर्वांत दुबळा. त्याचा आरंभही एका उद्ध्वस्त नगरात होतो, जे आपल्या गर्वामुळे नाश पावले आणि जिथे आता भुते फिरतात. गॅरियट यांच्या मनात काय होते ते असो. मेंढपाळ या शब्दाशी ज्या वाचकांचे नाते रविवारी-रविवारी नवे होते, त्यांना इथे काही समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढेही कसोट्या अशाच. वनौषधी विकणारी बाई आंधळी आहे. किती नाणी ठेवायची ते आपणच ठरवायचे. कमी ठेवली तर ती ओरडत नाही, शिपाई येत नाही. काहीच घडत नाही. फक्त कुठेतरी आत प्रामाणिकपणाचा आकडा उतरतो, आणि तो आकडा पडद्यावर दिसत नाही. आपण कुठवर आलो हे जाणायचे तर राजवाड्यातील एका द्रष्ट्याकडे जाऊन विचारावे लागते, आणि तोही शब्दांत सांगतो, आकड्यांत नाही. भिकाऱ्याला दान दिले, घायाळांसाठी रक्त दिले, पळणाऱ्या निरुपद्रवी पशूला जाऊ दिले, तर सद्गुण वाढतात. दुष्टापुढून पळ काढला तर शौर्य घटते. लढाई आहेच, पण कोणाशी, कुठवर, आणि शत्रूने पाठ फिरवल्यावर काय, हे प्रश्न लढाईच्याच रचनेत विणलेले आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. गुण वाढावा म्हणून भिकाऱ्याला नाणे देणारा खेळाडू करुणावान कसा? तो तर व्यापार करतो. आम्हाला हा आक्षेप बराचसा मान्य आहे. तो केवळ खेळाला लागू पडतो असे मात्र नाही. गॅरियट यांनी आकडा लपवला, यात त्यांची जाण दिसते. डाव्या हाताला उजव्याची वार्ता नसावी, हे यंत्राला जितके साधणे शक्य तितके त्यांनी साधले. ज्या खेळांनी नंतर चांगुलपणाचा आणि दुष्टपणाचा काटा उघडपणे पडद्यावर आणून बसवला, त्यांनी ही जाण गमावली असे आमचे मत आहे. तिथे मूल एखाद्याला वाचवते आणि लगेच काट्याकडे पाहते.

संत थॉमस अक्विनास यांनी ॲरिस्टॉटलच्या पावलावर पाऊल टाकून असे मांडले, की नैसर्गिक सद्गुण हे आचरणाने अंगी मुरतात. न्यायाची कृत्ये करीत करीतच माणूस न्यायी होतो. विचित्र वाटेल, पण या विचाराच्या सर्वांत जवळ येणारी लढाईची रचना 'एल्डर स्क्रोल्स' या मालिकेत सापडते. तिथे जे वापराल ते वाढते. तलवार चालवली तर तलवारीचे कसब वाढते, कुलूप उघडले तर कुलपाचे. राक्षस मारून मिळालेल्या गुणांनी वक्तृत्व विकत घेण्याचा वेडगळपणा तिथे नाही. पण खेळाडू हे माणसेच! २००२ च्या 'मोरोविंड'मध्ये काहीजण उड्या मारण्याचे कसब वाढावे म्हणून गावोगाव बेडकासारखे उड्या मारीत फिरत. आणखी काहींनी तर चालण्याचे बटण रबराने बांधून ठेवले, नायकाला भिंतीकडे तोंड करून रात्रभर चालवले आणि स्वतः झोपी गेले. सकाळी आकडा वाढलेला असे. अक्विनास यांना हे नक्कीच करमणुकीचे वाटले असते, कारण ते नुसत्या पुनरावृत्तीला सद्गुण म्हणत नाहीत. जाणून, निवडून, त्या कृत्याच्याच चांगुलपणासाठी केलेले आचरण हवे. भिंतीपाशी चालणाऱ्या पायांना सवय लागेल, झोपलेल्या माणसाला नाही. जपमाळेचे मणी सरकतात आणि मन बाजारात असते, तेव्हा आपणही थोडेसे त्या भिंतीपाशीच असतो.

आम्हाला या खेळांत एक गोष्ट मनापासून आदराची वाटली, तीही नोंदवतो. २०११ च्या 'डार्क सोल्स' या जपानी खेळात आरंभी दहा प्रकारचे नायक निवडता येतात. त्यांतला एक वंचित. त्याचे सर्व गुण सारखे, अंगावर नावापुरते वस्त्र, हाती एक सोटा आणि ढाल म्हणून लाकडाची फळी. खेळ अतिशय कठीण; पदोपदी मरण येते. मेल्यावर साठवलेले सारे जिथे पडलो तिथेच राहते, आणि ते परत आणण्याची संधी एकदाच मिळते. अशा खेळात असंख्य खेळाडू मुद्दाम वंचित निवडतात. त्यातून काही अधिक मिळते म्हणून नव्हे; हातात काही नसताना आपण काय करू शकतो ते पाहावे म्हणून. याला संन्यास म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण गुण खरेदी करण्याच्या बाजारात रिकाम्या हाताने शिरणारी ही मुले आम्हाला आश्वासक वाटतात.

मुलांनी हे खेळ खेळावेत की नाही, असे पालक विचारतात. सरसकट उत्तर आमच्यापाशी नाही. मात्र एक जुनी कसोटी आहे. १५२१ साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या इग्नेशियस लोयोला यांनी वेळ घालवण्यासाठी शूरवीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. त्या काळच्या तरुणांना त्या कथांचे वेड होते. आजच्या या खेळांची ती पणजीच म्हणा ना. घरात तशी पुस्तके नव्हती. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या-पडल्या ते दोन्ही प्रकारची स्वप्ने रंगवीत: कधी एका थोर स्त्रीसाठी पराक्रम करण्याची, कधी संतांसारखे जगण्याची. रंगवताना दोन्ही सारखीच गोड. फरक नंतर कळे. पहिल्या स्वप्नानंतर मन कोरडे पडे, दुसऱ्यानंतर प्रसन्नता रेंगाळे. लक्षात घेण्यासारखे हे की त्यांनी कल्पनाशक्तीला दोष दिला नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी मोन्त्सेरातच्या वेदीसमोर रात्रभर जागरण करून आपली तलवार ठेवली, तोही रिवाज वीरकथांतलाच होता. तेव्हा खेळ बंद झाल्यावर, दिवा मालवल्यावर मुलाच्या मनात काय उरते, हे त्यालाच विचारावे. आणि उत्तरासाठी थोडे थांबावे.

शेवटी एका लहानशा खेळाविषयी. टोबी फॉक्स या तरुणाने बहुतांशी एकट्याने रचलेला 'अंडरटेल' २०१५ मध्ये आला. चित्रे जुन्या पद्धतीची, ओबडधोबड. लढाईत पाळीपाळीने खेळायचे. आपली पाळी आली की लढणे आणि दया करणे हे दोन्ही पर्याय समोर असतात. पाळीच्या लढाईत विचाराला जो अवकाश असतो तो या खेळाने पुरेपूर वापरला आहे. एकाही जिवाला न मारता हा खेळ पूर्ण करता येतो. त्यासाठी प्रत्येक राक्षसाला काय हवे, तो कशाने शांत होतो हे समजून घ्यावे लागते. ज्याने नेहमीच्या सवयीने मारत मारत गुण जमवले, त्याला अखेरीस सांगण्यात येते की त्या अक्षरांचा अर्थ अनुभवाचे गुण असा नव्हताच. ते हत्येचे गुण होते, आणि आपली पातळी म्हणून जो आकडा तो अभिमानाने मिरवीत होता, तो क्रौर्याची पातळी दाखवीत होता.

इतर खेळांत नकोसे घडले तर मागच्या जतन केलेल्या टप्प्यावर जाता येते आणि घडलेले न घडलेले होते. जिथे सारेच पुसता येते तिथे पश्चात्तापाला जागा नाही, आणि क्षमेलाही नाही. क्षमा करण्यासारखे काही उरतच नाही. 'अंडरटेल'मध्ये मागे गेले तरी एक पात्र आठवण करून देते की तू तिला आधी मारले होतेस. कोणी सर्वांचा संहार करून, मग त्या जगाच्या मोबदल्यात आपला आत्मा देऊन टाकला, तर पुन्हा आरंभापासून कितीही दयाळूपणे खेळले तरी शेवटच्या आनंदाच्या चित्रात एक काळी छाया येते. ते यंत्र लक्षात ठेवते, पण क्षमा करणे त्याला येत नाही. खेळाडूंनी यावरही उपाय काढला. संगणकाच्या पोटात ही आठवण ज्या एका लहानशा धारिकेत लिहिलेली असते ती त्यांनी शोधून काढली, आणि ती कशी पुसावी ते एकमेकांना सांगितले.